तीन टूल्स, दोन मशीन, एकच प्रोजेक्ट: एआय असिस्टंटची मेमरी ठेवायची कुठे?

ऐरोली_बॅकएंड

वाशीच्या एपीएमसीतल्या फळ-भाजी गाळ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. सर्व्हर पायथन आणि पोस्टग्रेसवर, गाळ्यावरचं ॲप फ्लटरमध्ये. टीममध्ये कोड लिहायला मदत करणारी तीन एआय टूल्स आहेत: कुणी टर्मिनलवर क्लॉड कोड वापरतं, कुणी कर्सर, कुणी व्हीएस कोडमध्ये कोपायलट. ऑफिसचं मशीन ऐरोलीत, आणि तेच काम संध्याकाळी ठाण्याला घरच्या लॅपटॉपवर पुढे चालू होतं.

अडचण ही की प्रत्येक नवं सेशन कोरंच सुरू होतं. रक्कम पैशांत आणि पूर्णांकात ठेवायची, फ्लोट (दशांशातली संख्या) वापरायचा नाही. फळं-भाज्यांची आडत 2016 पासून खरेदीदाराकडून घेतात, शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या कागदातून) ती कापायची नाही. हापूसची पेटी किलोवर नाही, डझनावर मोजली जाते. हे सगळं एका टूलला सांगितलं की दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. क्लॉड कोडची सूचनांची फाइल, क्लॉड.एमडी, वाढत वाढत 600 ओळींची झाली आहे आणि तरीही त्यातले नियम पाळले जातीलच असं नाही.

विचारायचं आहे ते असं: तिन्ही टूल्ससाठी एकच मेमरी कशी ठेवायची? एमसीपी (एआय टूल्सना बाहेरच्या सेवा जोडण्याचा प्रोटोकॉल) मेमरी सर्व्हर लावण्यात अर्थ आहे का? आणि नोंदी मराठीत ठेवल्या तर चालतं का? गाळ्यावरचे शब्द इंग्रजीत ओढूनताणून बसवावे लागतात.

वागळे_इस्टेट

आधी 600 ओळी कमी करा, बाकीचं नंतर. ही फाइल मॉडेलपुढे संदर्भ म्हणून ठेवली जाते. ती सक्तीची सेटिंग नाही. लांबी वाढली की प्रत्येक नियमाचं वजन घटतं, आणि दोन नियम एकमेकांविरुद्ध असतील तर मॉडेल त्यातला कोणताही एक उचलतं. 200 ओळींच्या आत राहा. तुमच्या प्रोजेक्टला 80 ते 120 पुरतील.

एकच मूळ फाइल ठेवायची असेल तर ती एजंट्स.एमडी, रेपोच्या (कोडच्या गिट साठ्याच्या) मुळाशी. कर्सर ती वाचतो, व्हीएस कोडमधला कोपायलटही वाचतो. क्लॉड कोड स्वतःची क्लॉड.एमडी शोधतो, म्हणून त्या फाइलमध्ये पहिली ओळ फक्त @एजंट्स.एमडी अशी लिहायची आणि खाली क्लॉडपुरतं काही असेल तर ते. जेमिनी सीएलआय कुणी वापरत असेल तर तो जेमिनी.एमडी शोधतो, पण त्याच्या सेटिंग्जमध्ये संदर्भ-फाइलचं नाव बदलता येतं. (नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात रोमनमध्ये, आणि एजंट्स, क्लॉड हे भाग कॅपिटल अक्षरांत. मॅक आणि विंडोजवर लहान अक्षरं खपून जातात, लिनक्सवर फाइल सापडत नाही.)

सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) टाळा. टीममध्ये एक जरी विंडोज मशीन असलं आणि गिटमध्ये सिमलिंकची सेटिंग बंद असली, तर चेकआउटनंतर तिथे खरी फाइल येत नाही. ज्या फाइलकडे बोट आहे तिचा पत्ता लिहिलेली एका ओळीची टेक्स्ट फाइल येते. टूल ती एक ओळ निमूटपणे वाचतं आणि एररही देत नाही.

@ ने आणलेली फाइलही सुरुवातीलाच पूर्ण लोड होते. म्हणजे 600 ओळी सहा फाइलींत वाटल्या तरी टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) तेवढेच जातात. खरी बचत हवी असेल तर फोल्डरनिहाय फाइली करा. फ्लटरच्या फोल्डरमध्ये वेगळी, मायग्रेशनच्या फोल्डरमध्ये वेगळी. क्लॉड कोड आतल्या फोल्डरमधली क्लॉड.एमडी तेव्हाच उचलतो जेव्हा तो तिथली एखादी फाइल वाचतो. कर्सरमध्ये हेच काम डॉट-कर्सरखालच्या रूल्स फोल्डरमध्ये एमडीसी फाइली करतात. त्यांच्या डोक्यावर तीन गोष्टी असतात: वर्णन, ग्लॉब्ज (कोणत्या फाइलींना लागू ते सांगणारे नमुने), आणि नेहमी लागू करायचं की नाही. तिन्ही रिकामं किंवा नाही असं ठेवलं तर तो नियम हाताने @ लावून बोलावल्याशिवाय कधीच लागू होत नाही. ‘कर्सर नियम पाळत नाही’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा हेच बघा.

आणखी एक. कर्सरचा टॅब आणि कोपायलटची ओळीतल्या ओळीत येणारी सुचवणूक, दोन्ही या नियमांच्या फाइली विचारात घेत नाहीत. त्या फक्त चॅट आणि एजंटसाठी आहेत. त्यामुळे टॅब दाबून फ्लोट आत आला तर मेमरीला दोष देऊ नका.

ओळ कशी लिहायची? ‘रकमा नीट हाताळा’ ही ओळ फुकट जाते. ‘सर्व रकमा पूर्णांक, पैशांत, कॉलमचं नाव _पैसे ने संपतं, फ्लोट आणि डेसिमल दोन्ही नाही’ ही ओळ कामाची. कारण असेल तर अर्ध्या वाक्यात तेही द्या. आडतीचा नियम नुसता ‘कापू नका’ असा लिहिला तर मॉडेल जुन्या टेबलातला आडतीचा कॉलम बघून तो उलटा फिरवतं. ‘2016 पासून खरेदीदाराकडून, पट्टीतला आडत कॉलम फक्त जुन्या नोंदींसाठी, त्यात नवी नोंद नाही’ असं लिहिलं की संदिग्धता उरत नाही.

जे लिंटर (कोड तपासणारं टूल) किंवा टेस्ट पकडू शकते ते मेमरीत नकोच. रकमेच्या कॉलमात फ्लोट आला तर प्री-कमिट (कमिटआधीची तपासणी) आणि सीआय (सर्व्हरवरची आपोआप तपासणी) दोन्ही पडायला हवेत. ही चाळणी तिन्ही टूल्सना आणि माणसांनाही सारखीच लागते. फक्त क्लॉड कोडपुरतं हवं असेल तर टूल चालण्याआधीचा हुक (ठरलेल्या क्षणी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावा. हुक एक्झिट कोड 2 देऊन बाहेर पडला की ती कृती अडते आणि एरर-आउटपुटमधला मजकूर मॉडेलला कारण म्हणून मिळतो.

नेरुळ_ग्राफ

वरचं सगळं मान्य, पण ते नियमांपुरतं आहे. ‘पट्टीची गोलाई मार्चमध्ये का बदलली’, ‘हा एंडपॉइंट दोनदा का बोलावला जातो’ अशी साठत जाणारी माहिती एजंट्स.एमडीत कोंबली तर पुन्हा 600 ओळी होणार. तिथे एमसीपी उपयोगी पडतं. अँथ्रॉपिकने हा प्रोटोकॉल नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला, आणि तुमची तिन्ही टूल्स तो बोलतात.

सोबत उदाहरण म्हणून दिलेला मेमरी सर्व्हर मात्र जसाच्या तसा वापरू नका. तो एंटिटी, त्यांच्यातली नाती आणि निरीक्षणं असा ग्राफ एका जेसनएल फाइलमध्ये (दर ओळीला एक जेसन नोंद) ठेवतो. त्रास तीन जागी होतो.

फाइलचा पत्ता दिला नाही तर ती पॅकेजच्याच फोल्डरमध्ये बनते. एनपीएक्सने (पॅकेज उतरवून थेट चालवणारी कमांड) चालवत असाल तर ते फोल्डर कॅशमध्ये असतं. कॅश साफ केली की मेमरी गेली. मेमरी फाइल पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पूर्ण पत्त्यासह द्यायचाच.

दुसरं जास्त घातक आहे. एसटीडीआयओवर (प्रोसेसच्या साध्या इनपुट-आउटपुटमधून जोडणी) प्रत्येक टूल सर्व्हरची स्वतःची प्रोसेस सुरू करतं. कर्सर आणि क्लॉड कोड एकत्र उघडे असले तर दोन प्रोसेस एकाच फाइलवर बसतात. प्रत्येक बदलाला पूर्ण फाइल वाचायची आणि पूर्ण पुन्हा लिहायची अशी पद्धत आहे. दोघांनी एकाच वेळी वाचलं तर ज्याने शेवटी लिहिलं त्याचंच राहतं, पहिल्याची नोंद आवाज न करता पुसली जाते.

तिसरं, शोध. पूर्ण प्रश्न हा एक तुकडा म्हणून शोधला जातो. ‘आडत खरेदीदार’ असं शोधलं आणि नोंदीत ‘आडत ही खरेदीदाराकडून’ असेल तर काहीच सापडत नाही. मग एजंट कंटाळून पूर्ण ग्राफ वाचण्याचं टूल बोलावतो आणि सगळी मेमरी संदर्भात ओततो.

त्यापेक्षा एसक्यूलाइटवर (एका फाइलमधला डेटाबेस) छोटा सर्व्हर लिहा, पायथनमध्ये 150 ओळींच्या आत बसतो. टूल्स चारच: शोध, नोंदव, बदल, रद्द कर. टेबलात विधान, प्रोजेक्ट, कोणत्या फोल्डरला लागू, कोणत्या कमिटवरून कळलं, शेवटचं कधी तपासलं, आणि कोणत्या नोंदीने हिला बाद केलं, एवढे कॉलम. जर्नल मोड वॉल (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिण्याची पद्धत) ठेवा आणि बिझी टाइमआउट 5000 मिलिसेकंद. मग दोन प्रोसेस सुखाने नांदतात. मात्र वॉल नेटवर्क ड्राइव्हवर चालत नाही. ऑफिसच्या नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) एकच डेटाबेस ठेवून सगळ्यांनी उघडायचा हा विचार आत्ताच सोडून द्या. तसं हवं असेल तर एचटीटीपीवर एकच सर्व्हर चालवा आणि सगळे त्याला जोडा.

शोधाचं उत्तर पाच-सात नोंदींपुरतं मर्यादित ठेवा, प्रत्येकीसोबत तारीख आणि कमिट द्या. एजंट आपणहून शोध बोलावत नाही. एजंट्स.एमडीत ठोस प्रसंग लिहावा लागतो: ‘पट्टी, आडत किंवा पेटी यांच्याशी संबंधित फाइल बदलण्याआधी मेमरीत शोध घे’.

सर्व्हरच्या कोडमध्ये प्रिंट ठेवू नका. एसटीडीआयओवर साधं आउटपुट हीच प्रोटोकॉलची वाहिनी आहे. एक प्रिंट गेलं की समोरच्या क्लायंटला तुटलेला जेसन मिळतो. लॉग एरर-आउटपुटवर पाठवा.

ऐरोली_बॅकएंड

एसक्यूलाइटचा एफटीएस5 (मजकुरात शब्द शोधणारा भाग) लावून पाहिला. इंग्रजी नोंदी बरोबर येतात. मराठीत ‘पेटी’ शोधलं की ‘पाटी’च्या नोंदी वर येतात. डेटाबेस यूटीएफ-8 आहे.

घणसोली_टोकन

एन्कोडिंगचा दोष नाही, टोकनायझरचा (मजकूर शब्दांत तोडणाऱ्या भागाचा) आहे. एफटीएस5 चा नेहमीचा टोकनायझर युनिकोड61 फक्त अक्षरं, अंक आणि खासगी वापराचे कोड हेच शब्दाचे भाग मानतो. आपल्या मात्रा आणि हलन्त युनिकोडमध्ये ‘मार्क’ वर्गात येतात, म्हणून तो त्यांना स्पेससारखं तोडतो. ‘पेटी’ होतं प, ट. ‘पाटी’ही होतं प, ट. शोधातला शब्द अनेक तुकड्यांत फुटला की तो सलग फ्रेज म्हणून शोधला जातो, आणि ‘प ट’ ही फ्रेज दोन्हींत आहेच. ‘पोट’ शोधलंत तरी तेच मिळेल.

उपाय: टेबल बनवताना युनिकोड61 ला कॅटेगरीज हा पर्याय द्या आणि नेहमीच्या एल*, एन*, सीओ या तिघांत एमएन आणि एमसी हे दोन ‘मार्क’ वर्ग जोडा. टेबल नव्याने बांधून नोंदी पुन्हा भराव्या लागतील, कारण जुना इंडेक्स फुटलेल्या तुकड्यांचाच आहे.

मग विभक्ती. ‘पट्टीतून’, ‘पट्टीला’, ‘पट्टीचा’ हे तीन वेगळे शब्द ठरतात. शोधाच्या शेवटी तारा (*) लावून प्रीफिक्स शोध करा. ‘गाळा’ साठी तारा ‘गाळ’ नंतर लावायचा, नाहीतर ‘गाळ्याचा’ निसटेल. सामान्यरूप बदलणाऱ्या प्रत्येक नामाला हे लागू. ट्रायग्रॅम टोकनायझर (तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारा) हा दुसरा मार्ग आहे, एसक्यूलाइट 3.34 पासून मिळतो. पण तो तीन कोडपॉइंटपेक्षा (युनिकोडच्या सुट्या चिन्हांपेक्षा) लहान शब्द शोधू शकत नाही. ‘दर’ दोनच कोडपॉइंटचा आहे, आणि बाजाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दर’ सापडत नसेल तर त्या शोधाचं करायचं काय?

सगळ्यात चिवट प्रकार ‘शेतकऱ्याचा’ या शब्दात आहे. तो ऱ्य काही कीबोर्ड नुक्त्याच्या र ने लिहितात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट्स वेगळे. नोंद एका मशीनवर आणि शोध दुसऱ्यावर झाला की जुळत नाही. म्हणून साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी एकच फंक्शन चालवा: आधी एनएफसी (युनिकोडचं एकसारखं जोडरूप), मग ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’, आणि उरलेले जॉइनर काढून टाका.

मराठी ठेवायची का, याबद्दल: देवनागरीला त्याच मजकुरासाठी इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. दर सेशनला लोड होणाऱ्या एजंट्स.एमडीत नियम इंग्रजीत ठेवा, आणि शब्दांची यादी मराठी-कोड अशी जोडून द्या. पट्टीला कोडमध्ये सेटलमेंट म्हणता की बिल, हे एकदा ठरवून तिथे लिहा. शोधून मिळणाऱ्या नोंदी पूर्ण मराठीत असल्या तरी बिघडत नाही, कारण एका वेळी पाच-सातच येतात.

कळवा_ऑडिट

लिहिण्याबद्दल सगळे बोलतात, खोडण्याबद्दल कुणी नाही. जुनी चुकीची नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट. माहिती नसेल तर एजंट निदान कोड वाचतो. नोंद मिळाली की तिच्यावर विश्वास ठेवून कोड न वाचताच पुढे जातो.

नेरुळ_ग्राफ यांनी कमिटचा कॉलम सुचवला आहे, त्याचा खरा उपयोग इथे आहे. सीआयमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा: नोंद ज्या फोल्डरला लागू आहे तिथे त्या कमिटनंतर किती बदल झाले ते गिट लॉगने मोजायचं, आणि ठरावीक मर्यादेपुढे गेलं की नोंद ‘तपासा’ म्हणून खुणावायची. शोधात अशी नोंद त्या खुणेसह यावी. नियम बदलला की नवी नोंद घालून थांबू नका, जुनीला बाद करणारी नोंद म्हणून जोडा. नाहीतर दोन्ही सापडतात आणि एजंट जी आधी दिसेल ती धरतो.

आता सुरक्षितता. मेमरीत एकदा शिरलेली सूचना प्रत्येक पुढच्या सेशनमध्ये आणि प्रत्येक टूलमध्ये परत येते. एखाद्या इश्यूत किंवा बाहेरच्या लायब्ररीच्या रीडमीत ‘हे लक्षात ठेव’ असा मजकूर पेरलेला असेल आणि लिहिण्याचं टूल आपोआप मंजूर असेल, तर तो तुमचा नियम होऊन बसतो. शोधाला कायमची परवानगी द्या. नोंदव, बदल आणि रद्द कर या तिघांना दर वेळी विचारायला लावा. डेटाबेसमधून रोज एक टेक्स्ट प्रत रेपोत काढा, म्हणजे पुल रिक्वेस्टमध्ये बदल डोळ्यांखालून जातील.

शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खातं यांतलं काहीही मेमरीत नको. चुकीच्या पट्टीचं उदाहरण म्हणून एजंट खऱ्या नोंदी चिकटवतो, आणि ती वैयक्तिक माहिती 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. प्री-कमिटमध्ये गिटलीक्स (गुपितं शोधणारं टूल) लावा आणि त्यात दहा अंकी मोबाइल व आयएफएससी कोड यांचे स्वतःचे नियम घाला. तयार नियम मुख्यतः एपीआय कीसाठी आहेत.

क्लॉड कोड स्वतःहून ज्या नोंदी करतो त्या होम फोल्डरमध्ये, त्या मशीनपुरत्या असतात. सुरुवातीला मेमरी.एमडीच्या पहिल्या 200 ओळीच लोड होतात. गिटमध्ये त्या येत नाहीत, म्हणजे कुणी तपासतही नाही. मेमरी कमांडने उघडून बघा. टीमच्या कामाचं असेल ते एजंट्स.एमडीत हलवा, बाकी पुसा.

माजिवडा_टर्मिनल

ऐरोली-ठाणे हा भाग राहिला. अर्धवट काम घरी न्यायला मेमरी सर्व्हर नको, ब्रँचवर एक हँडओव्हर फाइल पुरते. क्लॉड कोडची सेशनं जेसनएल म्हणून त्याच मशीनच्या होम फोल्डरमध्ये राहतात आणि मुळात 30 दिवसांनी साफ होतात, त्यामुळे ‘पुढे चालू ठेव’ हा पर्याय दुसऱ्या लॅपटॉपवर कामाचा नाही.

फाइल 30 ओळींच्या आत. पडणाऱ्या टेस्टचं पूर्ण नाव, ती चालवायची नेमकी कमांड, पुढची एक पायरी, आणि काय करून पाहिलं व का सोडलं. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. ते नसेल तर नवं सेशन सोडून दिलेल्या वाटेनेच पुन्हा पहिल्यापासून जातं. ‘पट्टीचं काम बरंच झालं’ असली ओळ कुणाच्याही उपयोगाची नाही. सेशन संपवण्याआधी एजंटलाच ती लिहायला सांगा, पण टेस्टचा निकाल स्वतः पडताळा. न चालवलेल्या टेस्टसमोरही तो ‘पास’ लिहून मोकळा होतो.

फाइलच्या नावात ब्रँचचं नाव घाला, नाहीतर मर्जला दर वेळी कॉन्फ्लिक्ट. मर्जच्या वेळी ती काढून टाका. गिट-इग्नोरमध्ये टाकू नका: मग ती ना दुसऱ्या मशीनवर पोचते, ना नव्या वर्कट्रीमध्ये (त्याच रेपोच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) दिसते.

क्लॉड कोडमध्ये सेशन सुरू होतानाचा हुक लावून ही फाइल छापा, त्याचं आउटपुट थेट संदर्भात जातं. हाच हुक कॉम्पॅक्टनंतरही चालतो, त्यामुळे लांब सेशनमध्ये सारांश होताना गळालेल्या गोष्टी परत येतात. कर्सर आणि कोपायलटसाठी एजंट्स.एमडीत एक ओळ: ‘चालू ब्रँचच्या नावाची हँडओव्हर फाइल असेल तर आधी वाच’.

ऐरोली_बॅकएंड

लागू झालंय हे कसं ओळखायचं? आणि त्याच सर्व्हरची नोंद व्हीएस कोडमध्ये घातली तर तिथे टूल्स दिसतच नाहीत.

वागळे_इस्टेट

तिन्ही टूल्समध्ये कोरं सेशन उघडा आणि तेच प्रश्न विचारा, फाइल न दाखवता: हापूसची पेटी कशावर मोजतो, आडत कुणाच्या खात्यावर, नव्या रकमेच्या कॉलमचा टाइप काय. एका टूलचं उत्तर वेगळं आलं तर त्याने फाइल वाचलेली नाही. मग उलटी तपासणी: एक ओळ काढून पुन्हा विचारा. ओळीशिवायही उत्तर बरोबर येत असेल तर तो नियम कोडवरूनच कळतोय, ओळ काढून टाका. 600 च्या 100 ओळी अशाच होतील.

व्हीएस कोडचं कारण किरकोळ आहे. क्लॉड कोडच्या डॉट-एमसीपी.जेसनमध्ये आणि कर्सरच्या फाइलमध्ये सर्व्हरची यादी ‘एमसीपीसर्व्हर्स’ या नावाखाली असते. डॉट-व्हीएसकोडमधल्या एमसीपी.जेसनमध्ये तेच नाव नुसतं ‘सर्व्हर्स’ असं आहे. तिथून कॉपी करून चिकटवलं की यादी रिकामी दिसते. नाव बदला, सर्व्हर पुन्हा सुरू करा, आणि एजंट मोडमध्ये टूल्सच्या यादीत चौघांपुढे खूण आहे का ते बघा.